नदीपलीकडचं मोहोळ

पालिएपियाई, ९ जून २००३

प्रिय रिमास,

हे पत्र पोचलं की लगेच दोन ओळी टाक. मागच्या खेपेला तू अकरा दिवस लावलेस. तेवढ्यात मी तुला मनातल्या मनात चौथ्या मजल्याच्या जिन्यावरून पाडलं, दवाखान्यात घातलं आणि तुझ्या मयताला कुठला सूट घालावा इथवर येऊन पोचलो होतो. फोन करा म्हणतोस. फोनमध्ये मला नुसती किरकिर ऐकू येते. पत्र बरं, पुन्हा पुन्हा वाचता येतं. काकाचं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा चुका असतील त्या तूच दुरुस्त करून घे.

बातमी अशी की तुझ्या वडिलांच्या तिसऱ्या मधपेटीतून मोहोळ उठलं. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघाली आणि गेली कुठे, तर थेट नदीपलीकडे, गेनोवाइतेबाईंच्या सफरचंदाच्या झाडावर. हो, तुझ्या सासूबाईंच्याच. घटस्फोटानंतर सासूला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. गावात एवढी झाडं, पण माश्यांना तेच सापडलं. बाईंनी त्यांना आपल्या नवऱ्याच्या जुन्या रिकाम्या पेटीत घेतलं आणि निरोप पाठवला, "तुमच्या माश्या आमच्याकडे राहिल्यात." एवढाच. राग की लोभ, काही कळायला मार्ग नाही. पेट्या वडिलांनी तुझ्या नावावर ठेवल्यात, मी नुसता राखणदार. तेव्हा ही सोयरीक तुझी. तिचा अर्थ आपल्यात काय होतो ते तुला सांगायला नको.

आणखी एक. उग्नेचं लग्न ठरलंय. ३० ऑगस्टला, आजीच्याच घरी. लेकीच्या लग्नाचं तुला कोणी कळवलंय का? नसेल, तर मी कळवलं असं कुठे बोलू नकोस. कळवलं असेल, तर ह्या चार ओळी वाचल्याच नाहीस असं समज.

गुडघ्यांना कोबीचं पान बांधत जा.

तुझा काका,
फेलिक्सास


कौनास, १५ जून २००३

प्रिय काका,

सहाव्या दिवशी उत्तर देतोय, तेव्हा सूट कपाटात ठेवा.

गुडघे होते तसेच आहेत. डावा पावसाची बातमी देतो, उजवा बर्फाची. तेवीस वर्षं बास्केटबॉलच्या मैदानावर उड्या मारल्या त्याचं हे निवृत्तिवेतन. शाळेतली पोरं विचारतात, "सर, तुम्ही खरंच खेळायचात?" बाजारातली मासळीवाली म्हातारी मात्र विसरत नाही. परवा माझे हात बघून म्हणाली, "ह्याच हातांनी ना रे रीगाविरुद्धच्या त्या दोन फेकी घालवल्यास?" सतरा वर्षं झाली त्याला. मासा चांगला देते, म्हणून ऐकून घेतो.

लग्नाचं मला कोणी कळवलं नव्हतं. तुम्हीही कळवलेलं नाही.

माश्यांची काळजी सोडा, मी सोय केलीय. आमच्या शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर तुमच्याच बाजूचा आहे, त्याच्या घरी मधपेट्या आहेत. शनिवारी तो रिकामी पेटी घेऊन गेनोवाइतेबाईंकडे जाईल आणि मोहोळ तुमच्याकडे आणून ठेवील. त्या घराला माझ्यामुळे आधीच पुरेसा त्रास झालाय. त्यात आणखी माझ्या माश्या कशाला?

रिमास


पालिएपियाई, २३ जून २००३

रिमास,

काय करून बसलास हे! शनिवारपासून माझ्या पोटात अन्न नाही. नुसतं ताक आणि बटाटा, तोही एकच.

तुझा ड्रायव्हर रिकामी पेटी घेऊन माझ्या दारात आला. तोंड बीटासारखं लाल. त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो.

हा फाटकातून तुझं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, "बाई, रिमगौदास सरांच्या माश्या न्यायला आलोय."

"कुठे न्यायच्यात?"

"परत."

"परत? का रे बाबा, माझ्याकडे त्यांना काही कमी पडलं?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून सर म्हणाले..."

"त्रास होता तेव्हा त्याने गाडी पाठवली नाही. सांग त्याला, माश्या आपल्या पंखांनी आल्यात, जायचं असेल तेव्हा आपल्या पंखांनी जातील. आणि सोयरीक नको असेल, तर इथे येऊन तोंडावर सांग म्हणावं. ड्रायव्हर पाठवून सोयरीक मोडणारा माणूस मी सत्तर वर्षांत पहिलाच बघितला."

अरे, तू स्पेनचं पाणी प्यालास, पण जन्मलास तर इथेच ना? एकाच्या माश्या दुसऱ्याच्या अंगणात जाऊन राहिल्या की ती दोन घरं मधसोयरी होतात. तिथे विकणं नाही, विकत घेणं नाही आणि परत मागणं तर मुळीच नाही. पहिला मध दोघांनी एका टेबलावर बसून खायचा. एकमेकांच्या लग्नाला, बारशाला, मयताला जायचं. भांडायचं नाही, कारण भांडखोर घरात माशी टिकत नाही. कोर्टाने तोडलेलं माश्यांनी जोडून दिलं होतं, रिमास. आणि तू रिकामी पेटी पाठवलीस!

उग्ने तिथेच होती, पायरीवर स्ट्रॉबेरी निवडत. ड्रायव्हर म्हणतो, तुझं नाव ऐकून टोपली उचलून आत गेली. भांडली असती तर मला एवढी धास्ती वाटली नसती.

काका


कौनास, २ जुलै २००३

प्रिय काका,

तुमचं पत्र मिळालं. लहानपणी बाबांकडून हे सगळं ऐकलं होतं. पण सोळाव्या वर्षी मला खेळासाठी कौनासला उचलून आणलं, आणि तेव्हापासून माझ्या आयुष्यात नाती जोडण्याची, तोडण्याची कामं दुसरेच करत आले. कधी प्रशिक्षक, कधी संघाचा व्यवस्थापक, शेवटी वकील. मला वाटलं, मी सभ्यपणाने वागतोय.

तुम्हाला कधी लिहिलं नाही ते लिहितो. १९८९ साली स्पेनला निघालो तेव्हा उग्ने दहा वर्षांची होती. एकाच वर्षासाठी जातोय म्हणालो होतो. तिची आई दाइवा म्हणाली, "तू एक वर्ष म्हणतोस, ती खरंच एकच वर्ष धरून चालेल." एकाची सात झाली. दुसऱ्या वर्षी दाइवाने सोडचिठ्ठी मागितली आणि मी टपालाने सही करून पाठवली. दर वाढदिवसाला उग्नेला खेळाचे चांगले बूट पाठवायचो. माप अंदाजाने. परत आलो तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दारात आली, म्हणाली, "आई घरात नाही," आणि दार लावून घेतलं. मी जिन्यातच म्हणालो, "मी तुलाच भेटायला आलोय," पण तेव्हा दार बंद झालं होतं.

मी पुन्हा कधी दार वाजवलं नाही. दहा हजार माणसांनी हुर्यो उडवली तरी मी मैदान सोडलं नव्हतं. त्या एका दारापुढून मात्र पळालो.

काय करू ते सांगा. लग्नात तिने मला बाप म्हणून उभं करावं, एवढी माझी हाव नाही. पण त्या दिवशी तिला लांबून का होईना बघायचंय.

रिमास


पालिएपियाई, १२ जुलै २००३

प्रिय रिमास,

दोन रात्री विचार केला. रक्तदाब वाढला, गोळी घेतली, पुन्हा विचार केला.

शनिवारी, २६ तारखेला, मी मध काढणार आहे. मधसोयऱ्यांना बोलावणं भागच आहे. मी स्वतः पूल ओलांडून गेलो, टोपी काढली आणि म्हणालो, "गेनोवाइतेबाई, पोराची चूक झाली. त्याला वाटलं, तुम्हाला त्याचं काही नकोय."

त्या म्हणाल्या, "त्याला कायम दुसऱ्यांचंच वाटतं. स्वतःला काय हवंय ते कधी बोललाय का तोंड उघडून?" मग म्हणाल्या, "मला गुडघ्यामुळे चालवत नाही. उग्ने गाडीने घेऊन येईल."

कळलं का? उग्ने येईल! आता तू ये. ड्रायव्हर नको, फुलांचा गुच्छ नको, पेपरवाले नकोत. जुना शर्ट घाल. आधी पोटभर जेवून ये, रिकाम्या पोटी तुझे हात थरथरतात हे मला माहीत आहे. आणि सेंट लावू नकोस, माश्या चिडतात.

मला सारखं वाटतंय की त्या दिवशी वीज पडेल.

काका


पालिएपियाई, २८ जुलै २००३

प्रिय रिमास,

ओठाची सूज उतरली का? कांदा चोळ. आणि चार वाजताच का निघून गेलास? मी सरबत आणायला तळघरात उतरलो, वर येतो तर तुझी गाडी रस्त्याला लागलेली.

तुला वाटलं असेल, सगळं फसलं. मलाही तसंच वाटत होतं. माश्या शांत राहाव्यात म्हणून धूर देत होतास, तरी माशी नेमकी ओठाला चावली, आणि टेबलाशी तू दोन मीटरांचा माणूस, सुजलेल्या तोंडाने रीतीप्रमाणे काकडीला मध लावून खात बसलास, जसा काही शाळेत शिक्षा झालेला. उग्नेने सबंध दिवसात तुला एकच विचारलं, "तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का?" तू म्हणालास, "नाही." संपलं. अरे, पुढे काहीतरी बोलायचं होतंस! "नाही, पण ये एकदा," म्हणायचं होतंस!

पण तू गेल्यावर काय झालं ते ऐक. गेनोवाइतेबाई बरण्या पुसत होत्या. उग्ने माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी बास्केटबॉल कधीच खेळले नाही. मी पोहायचे. हे त्यांना कोणी सांगितलं नाही का?"

मी म्हणालो, "पोरी, मला वाटलं तुझी आई सांगेल. आईला वाटलं असेल, तू सांगशील."

"सात वर्षं सात बूट. पहिले होडीएवढे मोठे, शेवटचे बाहुलीचे. मधे एकदा, मी तेरा वर्षांची असताना, बरोबर बसले. ते मी तळ फाटेपर्यंत घातले. शाळेत, बाजारात, चर्चमध्येसुद्धा. आई ओरडायची." मग म्हणाली, "हे त्यांना सांगू नका."

म्हणून तुला सांगतोय.

काका


कौनास, ३ ऑगस्ट २००३

प्रिय काका,

कांदा चोळला. शेजारीण विचारत होती, कोणी मारलं म्हणून.

तुमचं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. ती पोहायची हे मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षांची मुलगी आहे माझी आणि तिला पोहता येतं ही मला बातमी.

निघताना फाटकाशी गेनोवाइतेबाई भेटल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "मधसोयऱ्याला लग्नाला बोलवावंच लागतं. न बोलावून माझी पेटी ओस पाडायची नाही मला. उग्नेशी बोलेन मी." काका, मला तेवढं पुरे. माश्यांचा मालक म्हणून शेवटच्या बाकावर बसेन. नदीपलीकडे एवढ्या झाडांतून त्यांनी तेच झाड निवडलं, ह्याला मी देवाची कृपा म्हणेन. इतकी वर्षं कशालाच तसं म्हणालो नव्हतो.

रिमास


पालिएपियाई, ८ ऑगस्ट २००३

प्रिय रिमास,

देवाचं नाव काढलंस तेव्हापासून चैन नाही. चार दिवस झोप नाही. आता लिहून टाकतो, मग तू मला काका म्हण की म्हणू नकोस.

माश्या आपणहून गेल्या नाहीत. मी नेल्या.

मोहोळ उठलं हे खरं. पण ते आपल्याच लायलकच्या झुडपावर येऊन बसलं होतं. मी ते पोत्यात धरलं, रात्रभर तळघरात गारव्याला ठेवलं आणि पहाटे नदी उतरून पलीकडे गेलो. पुलावरून गेलो असतो तर दूधवाल्याने बघितलं असतं. पाणी कमरेपर्यंत होतं. पोतं डोक्यावर, पोत्यात गुणगुण, आणि मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गाढव. बाईंच्या सफरचंदाच्या फांदीला पोतं मोकळं केलं आणि पळालो. लग्नाची बातमी मला दुकानात आदल्याच आठवड्यात कळली होती. दुसरं काही सुचलं नाही.

आता तू त्या माश्यांच्या जोरावर लेकीच्या लग्नाला जाणार. माणसाने पोत्यातून नेलेल्या माश्यांनी सोयरीक होत नाही, हे लहान मूलही सांगेल. खोट्यावर तुला उभं केलं, तर उद्या पोरीच्या संसाराला त्याचा बट्टा लागेल ही भीती मला खाऊन टाकते आहे. म्हणून असंच एक पत्र मी आज गेनोवाइतेबाईंनाही टाकलं. त्यांनी तुझं नाव काढून टाकलं, तर दोष माझा. तू आशेवर होतास. मला माफ कर.

फेलिक्सास


नदीपलीकडून, १३ ऑगस्ट २००३

फेलिक्सास,

तुमचं पत्र मिळालं. एवढं मोठं पत्र माझ्या नवऱ्यानेही मला कधी लिहिलं नव्हतं.

त्या पहाटे मी बटाट्याच्या शेतात होते. तुम्ही पाण्यातून वर आलात, अंगात सदरा आणि खाली नुसती चड्डी, पँट गळ्यात बांधलेली. मी काकडीच्या वेलांमागे खाली बसले, नाहीतर तुम्हाला तिथेच झटका आला असता आणि मला मयत सांभाळावं लागलं असतं. तेव्हा मला काही नवीन सांगितलंत असं समजू नका.

माश्या झाडापर्यंत कोणीही नेऊ शकतो. पण त्यांना राहायला लावणं कोणाच्या बापालाही जमत नाही. माझ्याकडे नवऱ्यामागे तीन वेळा मोहोळ आलं आणि तिन्ही वेळा आठवड्यात उडून गेलं. हे राहिलं. पेटी मधाने भरलीय. सोयरीक आणण्याने होत नाही, राहण्याने होते. हे चौथीपर्यंत शिकलेल्याला समजायला हरकत नाही.

उग्नेला मी सगळं सांगितलं. पँटचंसुद्धा. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग रडली. तिचं ती लिहील, मी मधे पडणार नाही.

नदी ओलांडायची असेल तर पूल आहे.

गेनोवाइते


पानेवेझिस, १७ ऑगस्ट २००३

रिमगौदास,

तुम्हाला काय म्हणून सुरुवात करायची ते ठरवता येत नाही, म्हणून नाव लिहिलं.

माश्यांच्या नात्याने मी तुम्हाला बोलवत नाहीये. ते आजीचं आणि फेलिक्सास आजोबांचं आहे. मी वेगळं सांगते.

लग्नाच्या दिवशी, शनिवारी, चर्चहून परत आल्यावर आईबाप दारात पाव आणि मीठ घेऊन उभे राहतात. आई पाव घेणार आहे. मीठ घ्यायला कोणी नाही. आईला विचारलं, ती म्हणाली, "उभा राहू दे, पण मी त्याच्याशी हवापाण्यावर बोलणार नाही."

काही अटी. भाषण करायचं नाही. पाहुण्यांनी जुन्या सामन्यांचं विचारलं तर दोन वाक्यांत आटपायचं. आणि शनिवारी पाहुण्यासारखं यायचं नाही, शुक्रवारी सकाळी यायचं. बाकं वाहायची आहेत, मांडवाला बर्चच्या फांद्या बांधायच्या आहेत आणि आमच्यात शिडीशिवाय वर पोचणारं कोणी नाही.

गुडघ्यांना झेपत नसेल तर तसं आधी कळवा. न येता मागाहून कळवू नका.

उग्ने


कौनास, ४ सप्टेंबर २००३

प्रिय काका,

सुखरूप पोचलो. पाठ धरलीय, बाकं ओकच्या लाकडाची होती.

एक विचारायचंय, हसू नका. मला दारातलं काही आठवत नाही. शुक्रवार आठवतो, प्रत्येक फांदी आठवते. शनिवारी चर्चमधून गाड्या आल्या, वाजंत्री सुरू झाली, मी मिठाची बशी उचलली. त्यानंतर एकदम मी आत टेबलाशी बसलोय आणि गेनोवाइतेबाई माझ्या ताटात मांस वाढतायत. खेळायचो तेव्हाही असंच व्हायचं. शेवटच्या मिनिटाचं कधी काही आठवायचं नाही. कपडे बदलताना दुसऱ्यांना विचारायचो, काय झालं, कसं झालं. आता विचारायला तुम्हीच आहात. तुम्ही दारालगत उभे होतात. मला सांगा.

रिमास


पालिएपियाई, १० सप्टेंबर २००३

प्रिय रिमास,

पाठीला गरम विटेचा शेक दे. पण वीट फडक्यात गुंडाळ, नाहीतर भाजून घेशील आणि मला इकडे घोर.

मी सगळं बघितलं. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, पण मिटले नाहीत.

दाइवा पाव घेऊन डावीकडे, तू उजवीकडे. दाइवा ओठ न हलवता म्हणाली, "बशी सरळ धर." तू म्हणालास, "धरलीय." ती म्हणाली, "कुठे धरलीयस!" म्हणजे हवापाण्यावर नाही, पण बोलली. मग नवरानवरी पायरीशी आली. नवऱ्या मुलाने पाव तोडला, तुझ्या बशीत बुडवला, खाल्ला. उग्नेने पाव तोडला आणि तुझ्याकडे हात केला. तुझे दोन्ही हात असे थरथरायला लागले की बशी कलली आणि सगळं मीठ पायरीवर सांडलं.

वाजंत्री थांबली. नवऱ्याच्या मावशीने "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मीठ सांडलं की त्या घरात भांडण, हे कोणाला माहीत नाही? मी मनात म्हटलं, झालं, माझ्या पोत्याचं पाप इथे फेडायचं होतं.

तू रिकामी बशी धरून उभा. गोरामोरा झालेला. पुटपुटलास, "चुकलं माझं." कोणाला ऐकू आलं की नाही कोण जाणे. मला तुझ्या ओठांवरून कळलं.

उग्ने खाली बसली. त्या पांढऱ्या झग्यासकट, पायरीवर. हातातला पाव तिने सांडलेल्या मिठात टेकवला, नीट दाबून टेकवला, आणि खाल्ला. मग तिथूनच वर बघितलं. तुझ्याकडे वर बघायचं म्हणजे खूपच वर बघावं लागतं.

"मीठ सांडलं की भांडण होतं म्हणतात," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमचं होऊन गेलंय. चला बाबा, हात द्या, ह्या झग्यात मला उठता येत नाही."

तू हात दिलास आणि तिला उठवलंस.

पुढचं मला विचारू नकोस. तोवर मलाच दिसेनासं झालं होतं.

तुझा काका,
फेलिक्सास